सायकलीचें कुलूप कशाला लावावें?

तासगांवच्या पेठेंत सकाळच्या प्रहरीं चिंचणी, वासुंबें इत्यादि आसपासच्या गांवांहून सायकलीवर येणारीं माणसें अजूनहि दिसतात. मोटारसायकली फार झाल्या, हें खरें. तथापि शाळेस येणारीं मुलें आणि बेदाण्याच्या कामावर जाणारे मजूर यांतील कित्येकांची भिस्त अद्याप सायकलीवरच आहे. श्रीमंताची मोटार चोरीस गेली तर त्याची गैरसोय होते. मजुराची सायकल गेली तर त्याचा रोज बुडतो; आणि मुलीची गेली तर एखाद्या घरांत तिच्या शिक्षणाचाच प्रश्न उभा राहतो. म्हणून सायकलीच्या कुलुपाचा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

बहुतेक सायकलींच्या मागील चाकाला घोड्याच्या नालाच्या आकाराचें कुलूप जडविलेलें असतें. त्याची दांडी दाबून किल्ली काढली, कीं सळई आऱ्यांमधून आडवी जाते, चाक फिरेनासें होतें, आणि मालक निश्चिंत मनानें कामास लागतो. परंतु या कुलुपानें साधलें काय? सायकल चालवून नेणें अशक्य झालें. उचलून नेणें नव्हे. साधी सायकल पंधरा-वीस किलो वजनाची. धट्टाकट्टा मनुष्य ती खांद्यावर टाकून सहज गल्ली ओलांडील. बैलाच्या गळ्यांत दावें अडकवून दुसरें टोंक मोकळें सोडणारा शेतकरी कोठें आढळणार नाहीं. सायकलीच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसें नेमकें तेंच करतात. दाव्याला खुंटा हवा. सायकल स्वतःशीं नव्हे, तर न हलणाऱ्या वस्तूशीं बांधली पाहिजे.

आतां हा खुंटा कसा असावा? ठेंगणा आणि वरून मोकळा खांब उपयोगाचा नाहीं. त्यावरून सायकल साखळीसकट वर काढतां येते. नुकतें लावलेलें रोप व त्याभोंवतींचा पिंजरा यांचाहि भरंवसा धरूं नये. सिमेंटांत रोवलेला उंच खांब किंवा भिंतींत बसविलेला जाड गज उत्तम. गज दुसऱ्याच्या घराचा असेल तर आधीं विचारावें, आणि सायकल पायीं चालणारांच्या वाटेंत येऊं देऊं नये.

साखळी कोठून ओंवावयाची, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. ती केवळ पुढच्या चाकांतून घेतली, तर चोर चाक तेवढें खांबाशीं ठेवून बाकीची सायकल नेतो. अलीकडच्या कित्येक सायकलींचें पुढचें चाक तर हत्यारावांचून, नुसता खटका उघडून निघतें. यास्तव साखळी पुढचें चाक, फ्रेमची नळी आणि खांब या तिहींना वेढून घ्यावी. मागचें चाक नालाच्या कुलुपानें अडकवावें. तारेची दोरी प्लास्टिकच्या वेष्टणामुळें जाड दिसते, पण मोठ्या कातरीपुढें तिचा टिकाव लागत नाहीं. पाणी दिलेल्या पोलादाची साखळी अधिक बरी. ती आवळून बांधावी. सैल साखळी जमिनीवर लोळली, तर दगडी फरशी चोराच्या ऐरणीचें काम करते. तीन आंकडे जुळविण्याच्या कुलुपाविषयीं एवढेंच सांगितलें म्हणजे पुरे, कीं त्यांत एकूण हजारच जुळण्या असतात. सेकंदाला एक या वेगानें सर्व जुळण्या पाहण्यास सतरा मिनिटेंहि लागत नाहींत.

तरीहि कुलूप चोराला कायमचें अडवीत नाहीं. तें त्याला उशीर लावतें. आणि उशिराचा उपयोग जेथें कोणाची नजर आहे तेथेंच. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं तासगांवच्या गणपतीचा रथ दोरखंडांनीं ओढला जातो. अशा गर्दींत सर्वांचे डोळे रथाकडे असतां कोपऱ्यांतील खटपट पाहणार कोण? त्या दिवशीं सायकल घरीं किंवा परिचिताच्या आवारांतच ठेवणें इष्ट.

इतकेंहि करून सायकल गेलीच, तर ती ओळखावी कशी? १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. १९१० सालीं त्यांनीं वसविलेली किर्लोस्करवाडी तासगांवाहून फार दूर नाहीं. त्या दुकानाच्या काळीं सायकल ही नवलाई होती. चोरलेली सायकल लपविणेंच कठीण. पुढें एकसारख्या काळ्या सायकली घरोघर झाल्या, आणि हा सारखेपणाच चोराच्या पथ्यावर पडला. पूर्वीं अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत व धातूचा बिल्ला देत. आतां फ्रेमवर ठोकलेला क्रमांक हीच खरी ओळख होय. तो बहुधा पायडलांच्या आंसाखालीं किंवा बैठकीखालच्या नळीवर असतो. तो वहींत उतरून खरेदीच्या पावतीजवळ ठेवावा.

या पावतीचें महत्त्व कायद्यानेंहि वाढविलें आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमान्वयें चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु वस्तु पांच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, अपराधी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्यानें वस्तु किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र ठरविलेला आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावांचून पोलिसांस त्याचा तपास करतां येत नाहीं. मजुराची जुनी सायकल बहुधा याच मर्यादेंत बसते. कायद्याच्या हिशेबीं ती स्वल्प मोलाची. त्याच्या संसारांत मात्र तिचें मोल पांच हजारांत मावणारें नाहीं.

सारांश, ज्याची सायकल स्वस्त त्यानेंच अधिक जपावें, हा व्यवहार आहे. चांगली साखळी, भक्कम खांब आणि वहींतील क्रमांक यांना लागणारा खर्च नव्या सायकलीपेक्षां खात्रीनें कमी आहे. साखळी बांधण्यास मिनिटभर पुरतें. आणि घाईच्या दिवशीं तेंच मिनिट वांचविण्याचा मोह होतो, म्हणून त्या दिवशीं तें अगत्यानें खर्चावें.