दाढ काढली अन् तोंड वाकडं झालं?

आमच्या गटातली एक ताई खालची दाढ काढून आली, तर एका बाजूचा डोळा मिटेना, चूळ भरताना पाणी गळायला लागलं. ‘वारं गेलं’ म्हणून आम्ही घाबरलो.

भुलीचं इंजेक्शन कधीकधी चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचतं. भूल उतरली की काही तासांत चेहरा पूर्ववत होतो. तोवर डोळा झाकून जपा, दातांच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

पण दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर झाडपाल्यात, मालिशीत वेळ घालवू नका. मोहोळचं ग्रामीण रुग्णालय किंवा सोलापूरचं सिव्हिल गाठा. औषध 72 तासांत सुरू झालेलं बरं. हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तडक 108 ला फोन लावा.