घरातला मामला, चव्हाट्यावर



शेजारी मारहाण चालली म्हणून आपण दार वाजवावे, तर आतून उत्तर येते, "हा आमच्या घरातला मामला आहे." संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत हे उत्तर चक्क छापलेले आहे. कलम 2, उपकलम 7 : राष्ट्रांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही.

1946 मध्ये ते आपल्याला ऐकवले गेले. भारतीयांनी जमीन कुठे घ्यावी, कुठे राहावे यावर बंधने घालणारा कायदा दक्षिण आफ्रिकेने केला. तिथले लोक त्याला 'घेटो कायदा' म्हणत. डर्बनमध्ये सत्याग्रह सुरू झाला. भारत अजून स्वतंत्र व्हायचा होता, तरी त्याने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तक्रार थेट जगाच्या चव्हाट्यावर, न्यूयॉर्कला नेली. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित. सोबत आपल्या मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. सनदेच्या प्रस्तावनेचा पहिला मसुदा याच गृहस्थांचा, आणि त्या प्रस्तावनेत मूलभूत मानवी हक्कांवर श्रद्धा व्यक्त केलेली! तेच आता उपकलम 7 च्या आडोशाला उभे होते. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे टोलवावे, अशी ब्रिटन-अमेरिकेची खटपट. 8 डिसेंबरला तक्रारीवरच्या ठरावावर मतदान झाले. बाजूने 32, विरुद्ध 15, तटस्थ 7. दोन तृतीयांश मते हवी होती. एकाने जरी बाजू बदलली असती, तरी ठराव पडला असता.

हाती काय लागले? लगेच म्हणाल तर काही नाही. 1948 मध्ये तिथे आणखी कडवे सरकार आले. पण विषय पुन्हा पुन्हा पटावर येत राहिला. 1952 मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या देशांनी वर्णभेदाची सगळी व्यवस्थाच चर्चेला लावली. शस्त्रबंदी बंधनकारक व्हायला 1977 उजाडले, सर्वांना मताधिकार देणाऱ्या निवडणुकीला 1994. मुत्सद्देगिरी ही अशी, कोर्टातल्या तारखांसारखी चिवट आणि कंटाळवाणी.

त्याच 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिले. तिकडच्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. भारतातले अस्पृश्यही तोच मार्ग धरण्याच्या विचारात होते. म्हणजे आपण स्मट्स यांचे दार वाजवत होतो, त्याच वर्षी आपलेही दार वाजवायची तयारी चालली होती. याचा उल्लेख आपण सहसा टाळतो.

2001 मध्ये वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली. भारतातले दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तिथे पोहोचले. जातीचा विषय घ्या, एवढीच मागणी. आपल्या सरकारचे म्हणणे पडले, की जात म्हणजे वंश नव्हे, आणि तिचा बंदोबस्त करायला आमची राज्यघटना समर्थ आहे. पहिल्या मुद्द्यावर समाजशास्त्रज्ञ वाद घालू शकतात. दुसरा स्मट्स यांना ओळखीचा वाटला असता. अंतिम जाहीरनाम्यात जातीचा शब्द आला नाही.

परिषदेचे गाव होते डर्बन.