दगड, दरी आणि दोन उत्तरें



महाबळेश्वरीं आर्थर सीटच्या कड्यावर उभें राहिलें, कीं सावित्रीच्या खोऱ्यांत खडा भिरकावण्याचा मोह पुष्कळांना होतो. आज तो खडा आपण कल्पनेनेंच फेकूं या. खालीं कोणी असलें तरी भय नको!

समजा, तो सरळ वर, सेकंदास ६४ फूट वेगानें उडविला. पृथ्वीच्या आकर्षणामुळें हा वेग दर सेकंदास सुमारें ३२ फुटांनीं घटतो. दोन सेकंदांनीं तो शून्य होतो. त्या क्षणीं खडा हातापासून ६४ फूट उंच असतो. काळ व उंची यांचा आलेख कमानीसारखा येतो. त्यास अन्वस्त म्हणतात, आणि हें त्याचें शिखर. शिखराच्या दोन्ही बाजू सारख्या. म्हणून चौथ्या सेकंदास खडा पुन्हा हाताच्या पातळीवर येऊन खालीं जातो.

आतां दरी ५१२ फूट खोल धरूं. खडा तळाशीं केव्हां पोंचेल? वर्गसमीकरण दोन उत्तरें देतें: ८ सेकंद आणि उणे ४ सेकंद. या दुसऱ्याचें काय करावें?

भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत आपल्या ‘बीजगणितां’त वानरांचीं दोन उदाहरणें घातलीं आहेत. एकांत कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतकीं वानरें खेळांत रमलीं असून उरलेलीं बारा टेकडीवर आहेत. उत्तरें १६ आणि ४८, दोन्ही ग्राह्य. दुसऱ्यांत पंचमांशांतून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकीं वानरें गुहेंत शिरलीं व एकच दिसत आहे. उत्तरें ५० आणि ५. परंतु पांचाचा पंचमांश एक. त्यांतून तीन वानरें कशीं काढावीं? म्हणून आचार्यांनीं ५ हें उत्तर त्याज्य ठरविलें.

वानरें उणे नसतात. काळ मात्र मागें मोजतां येतो. खडा हातांतून सुटण्यापूर्वीं चार सेकंद, कोणी तळांतून सेकंदास १९२ फूट वेगानें दुसरा खडा वर उडविला असता, तर तो आपल्या हाताजवळून बरोबर ६४ फूट वेगानेंच वर गेला असता. उणे चारचा अर्थ हा. आपला खडा हातांतून सुटला, म्हणून आपलें उत्तर ८.

त्याच कड्यावरून हलकी वस्तू टाकल्यास कोंकणांतून वर चढणारा वारा ती पुष्कळदां परत आणतो. तेथें हें समीकरण लागू नाहीं, कारण त्यांत वाऱ्याचा हिशेबच धरलेला नाहीं.

तेव्हां, घरीं अभ्यास करणाऱ्या मुलानें उणे उत्तर पाहतांच खोडून टाकलें, तर त्यास एवढेंच विचारावें: “बाळ, तें कां खोडलेंस?”