स्वतःच्या नावाची कॅसेट



सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव या आपल्या पट्ट्यात वरात निघाली आणि बँडवाल्यानं ‘हम्मा हम्मा’ वाजवलं नाही, असं गेल्या तीस वर्षांत क्वचितच झालं असेल. 1995 साली मणिरत्नमचा ‘बॉम्बे’ आला आणि ए. आर. रहमानची ती चाल गावोगाव पोचली. 2017 साली ‘ओके जानू’मध्ये तेच गाणं नव्या साजात आलं, तर आजच्या पोट्ट्यांना ते आजचंच वाटलं. नाचणाऱ्यांपैकी कुणालाही विचारा, जुन्या गाण्यातला तो खट्याळ आवाज कोणाचा? रहमानचं नाव सांगतील, पडद्यावर नाचलेल्या सोनाली बेंद्रेचंही सांगतील. गाणाऱ्याचं नाव मात्र बहुतेकांना आठवायचं नाही. तो आवाज रेमो फर्नांडिसचा. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे, ‘हम्मा हम्मा’विषयी फारसं नाही. कारण त्या गाण्यात आवाज तेवढा त्याचा आहे. शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची. आणि रेमोची खरी कमाई आहे ती स्वतःच्या शब्दांची, स्वतःच्या चालींची.

रेमो जन्मला 8 मे 1953 ला, पणजीत. घराणं बार्देश तालुक्यातल्या शिवोलीचं, शापोरा नदीकाठचं. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा हा पोरगा साडेआठ वर्षांचा. म्हणजे शाळेत घातला एका राज्यात आणि शाळा संपवली दुसऱ्या राज्यात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना याचं नवल वाटायला नको. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर, वर्धा, अमरावती मुंबई राज्यात गेले आणि आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. तेव्हापासून आपली सोयरीक सावनेर-काटोलकडे आणि शेताचा खसरा भोपाळच्या राज्यात. अशा जागी वाढणाऱ्या पोरांच्या कानात दोन-तीन भाषा एकदमच शिरतात आणि त्यांची कुणी वेगळी शिकवणी लावत नाही. रेमोच्या कानात कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शिरल्या. पुढं त्यानं तिन्ही भाषांत गाणी केली, आणि हिंदीही सोडली नाही.

शाळेपासून हातात गिटार, जोडीला बासरी. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचं शिक्षण घेतलं, त्याच काळात ‘सॅव्हेजेस’ नावाच्या बँडमध्ये वाजवलं. पदवी हातात आली तरी घरं बांधायच्या धंद्यात काही तो रमला नाही. सत्तरचं दशक संपता संपता पाठीवर पिशवी टाकून युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली, आणि परत आला तो थेट शिवोलीला. मुंबईला नाही. रेमोच्या आयुष्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा निर्णय. त्याचं मोल कळायला गोव्याच्या वादकांचा मागचा इतिहास थोडा सांगावा लागेल.

हिंदी सिनेमाच्या ज्या गाण्यांवर आपले आईवडील जीव टाकायचे, त्यातला व्हायोलिनचा ताफा, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, हे सगळं मोठ्या प्रमाणात गोव्याच्या माणसांनी वाजवलेलं आहे. चर्चच्या शाळेत लहानपणीच त्यांना स्वरलिपी वाचायला शिकवत. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. साठ-सत्तर वाद्यांपैकी कोण कुठं वाजणार, हे कागदावर उतरवायचे अ‍ॅरेंजर. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा, आपल्या सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. आता रेकॉर्डवरची नावं बघा. गायकाचं आहे, संगीतकाराचं आहे, गीतकाराचं आहे. या माणसांचं बहुतेक वेळा कुठंच नाही. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून आपलं नाव अँथनी गोन्साल्विस असं सांगायला लागला, तेव्हा देश हसला. एका शिष्यानं गुरूचं नाव अखेर गाण्यात घातलं आहे, हे किती जणांना कळलं असेल?

मुंबईला गेलेल्या गोव्याच्या गुणी वादकाचं काय होतं, ते असं समोरच होतं. पैसा मिळायचा, मान मिळायचा, नाव मिळायचं नाही. इंग्रजीत स्वतःची गाणी लिहिणारा हिंदुस्थानी पोरगा घेऊन करायचं काय, हेही तिथल्या कंपन्यांना तेव्हा उमगत नव्हतं. मग रेमोनं शिवोलीच्या घरातच दुकान मांडलं.

1984 साली ‘गोअन क्रेझी’ नावाची कॅसेट निघाली. गीतकार रेमो, संगीतकार रेमो, गायक रेमो, सगळी वाद्यंही रेमोचीच. घरातल्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्यानं केलेलं हे काम. हे कसं करायचे ते जरा सांगतो, कारण मोबाइलवर गाणी करणाऱ्या पोरांना ते ऐकून मौज वाटेल. या यंत्रात साध्या कॅसेटच्या फितीवर चार वेगवेगळ्या पट्ट्या भरता येतात. आधी पहिलीवर ताल भरायचा. तो कानात ऐकत ऐकत दुसरीवर बास गिटार, मग तिसरीवर साधी गिटार. आता गाणं आणि बासरी कुठं भरणार? त्यावर उपाय असा, की भरलेल्या तिन्ही पट्ट्या एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, म्हणजे पहिल्या तीन परत मोकळ्या होतात. पण एकदा उतरवलं की माघार नाही. त्यात ढोल जास्त झाला असेल तर तो शेवटपर्यंत जास्तच राहणार. शिवाय दर उतरवणीला फितीची सूं-सूं वाढत जाते. म्हणून वाजवायच्या आधीच अख्खं गाणं डोक्यात तयार लागतं. आज चुकलं की बोटानं पुसता येतं, ही सोय मोठीच आहे. तिनं आपण आळशी झालो आहोत, हेही खरं.

कॅसेट झाली, कव्हर झालं, पण विकायची कोणी? रेमोनं ती स्कूटरवर टाकली आणि गावोगावच्या दुकानांत स्वतः नेऊन ठेवली. घाऊक व्यापारी नाही, जाहिरात नाही. आपल्याकडे आठवडी बाजाराला फिरणारा माणूस जसा मालाचा मालकही असतो आणि हमालही, तसंच हे.

आणि गाणी तरी कशावरची? त्या कॅसेटमधलं एक गाणं टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलला उद्देशून आहे, आणि त्यात गोव्याच्या टेलिफोनची टर उडवली आहे. ऐंशीच्या दशकातला टेलिफोन ज्यांनी पाहिला त्यांना जास्त सांगायला नको. नागपूरला ट्रंककॉल लावायचा आणि तासन् तास वाट पाहायची. काळा डबा घरात असायचा, पण त्यात जीव असेलच असं नाही. प्रेमभंग आणि चांदणं सोडून कुणी फोन खात्यावर गाणं करतो, आणि लोक ते विकत घेऊन ऐकतात! मला विचाराल तर रेमोचं मर्म इथंच आहे. त्याचं गाणं गावच्या पारावरच्या बोलण्यातून उठतं. चाल पाश्चात्त्य असेल, भाषा इंग्रजी असेल, तक्रार मात्र अस्सल शिवोलीची.

पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये त्यानं जुनी कोकणी गाणी नव्या वाद्यमेळात बांधली. त्याच सुमाराला श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ आला. 1961 च्या गोव्यातल्या एका घराण्याची ती गोष्ट, आणि तिच्यात रेमोचं गाणं. मग मात्र मुंबई त्याच्याकडे चालत आली. सीबीएस कंपनीनं 1986 मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’ काढली. त्यातलं नावाचं गाणं हेरॉइनच्या व्यसनाविरुद्ध आहे. त्यामागून 1987 मध्ये ‘बॉम्बे सिटी’. दोन्हींनी देशभर नाव केलं. हे लक्षात घ्या, की अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ 1995 चं, लकी अलीचं ‘सुनो’ 1996 चं. ज्याला नंतर इंडीपॉप म्हणायला लागले, ते रेमोनं दहा वर्षं आधी स्वतःच्या खर्चानं करून दाखवलं होतं.

याच दशकातला एक प्रसंग गोव्यात अजून सांगतात. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले होते. त्यांच्यासमोर आणि सोनियाजींसमोर सरकारी कार्यक्रमात रेमोला गायला बोलावलं. असल्या कार्यक्रमात माणूस स्वागतगीत गातो. यानं पंतप्रधानांना नाव घेऊन हाक मारणारं गाणं गायलं आणि गोव्यात काय काय बिघडलंय ते त्यात सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ओरड झाली, की हा पाहुण्यांचा अपमान आहे. रेमोनं हे सगळं प्रकरण सरळ दिल्लीला कळवलं. राजीव गांधींकडून उत्तर आलं, की आम्हा दोघांना गाणं आवडलं. ओरडणारे गप्प झाले. गाणाऱ्याची हिंमत तर आहेच, पण ऐकणाऱ्याचीही दाद द्यावी लागेल. आज असं गाणं कुणी सरपंचासमोर तरी गाऊन बघावं!

सिनेमाचं मात्र मी भराभर सांगतो. 1987 चा ‘जलवा’, मग ‘बॉम्बे’, मग 1998 मध्ये ‘प्यार तो होना ही था’चं शीर्षकगीत, जसपिंदर नरुलाबरोबर. जसपिंदरला त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. त्याच वर्षी रेमोचं स्वतःचं ‘ओ मेरी मुन्नी’ टीव्हीवर धुमाकूळ घालत होतं. सिनेमानं त्याला घराघरांत पोचवलं, पण माझ्या मते त्याचं खरं काम आधीच्या कॅसेटींमध्येच आहे. पडद्यावरच्या गाण्यात तो मस्तीखोर आवाजाचा एक गडी होऊन जातो. 2007 साली पद्मश्री मिळाली, 2021 मध्ये आत्मचरित्र आलं. अलीकडे मुक्काम पोर्तुगालमध्ये असतो.

आता तुम्ही म्हणाल, गोव्याचा हा इंग्रजी गाणारा माणूस, त्याचं सौंसरशी काय नातं? असं बघा, स्वतः रचायचं, स्वतः चाल बांधायची आणि स्वतः गायचं, हे आपल्याला का नवीन आहे? यावलीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज काय करत होते? हातात खंजिरी, भजन स्वतःचं, चाल लोकांच्या तोंडी बसणारी. मराठीही आणि हिंदीही, समोर जशी माणसं असतील तशी. आपल्या भागाला असाच गायक लागतो, कारण आपण घरात एक बोलतो आणि तहसीलीत दुसरं. शिवाय त्या भजनाच्या शेवटच्या कडव्यात तुकड्यादास हे नाव येतं. गाणं कुठंही गेलं, कुणीही गायलं, तरी करणाऱ्याचं नाव त्याच्या पोटात शिवलेलं. खडी गंमतीच्या शाहिरांनीही आपलं आणि आपल्या उस्तादाचं नाव असंच राखलं. गोव्याचे वादक स्टुडिओच्या अंधारात नाव हरवून बसले आणि रेमोनं ते कॅसेटच्या कव्हरवर छापून आणलं. आमच्या बुवा-शाहिरांनी तर छापखाना नसतानाच ही तजवीज करून ठेवली होती.

आणि आज? आपल्याकडची पोरं हुशार आहेत, मोबाइलवर ताल लावतात, गाणी करतात, लग्नात डीजेवर वाजवतात. पण एका गावचं गाणं दुसऱ्या गावच्या डीजेच्या नावानं फिरतं. रचणारा तिथंच संत्र्याच्या बागेत पाणी ओलत असतो, आणि आपलंच गाणं रस्त्यावरून जाताना ऐकतो. त्याला त्याचं वाईटही वाटत नाही, हे मला जास्त खुपतं.

तेव्हा एक विनंती आहे. येत्या पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतील आणि झडत्या सुरू होतील. काही झडत्या आज्या-पणज्यापासून चालत आलेल्या, त्या कोणाच्या ते आता सापडायचं नाही. पण दरवर्षी काही नव्या असतात. कापसाच्या भावावर, विजेच्या लपंडावावर, निवडून आलेल्या आणि पडलेल्या माणसावर. त्या नव्या झडत्या कोणीतरी बसून जुळवलेल्या असतात, आणि दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या गलक्यात त्या विसरल्या जातात. यंदा गावातल्या एखाद्या पोरानं मोबाइल काढावा आणि त्या नीट भरून घ्याव्यात. म्हणणारा कोणीही असो, ज्यानं झडती जुळवली त्याला पुढं बोलवावं. त्यानं स्वतःचं नाव आणि गाव मोठ्यानं सांगावं, आणि ते कापू नये. मग ती झडती नागपूरला जाऊ द्या नाही तर भोपाळला.