राजकीय घराणे आणि एक कारकीर्द
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



‘राजकारणातील घराणी’ हा विषय संयोजकांनी मला दिला. या विषयावर हवेत बोलणे फार सोपे असते. घराणेशाही वाईट असे म्हटले की टाळ्या पडतात, आणि टाळ्या वाजवणारेच पुढच्या निवडणुकीत कोणत्या ना कोणत्या घराण्याच्या प्रचाराला निघतात. म्हणून आपल्या डोळ्यांसमोर घडलेली एकच कारकीर्द आज विचारासाठी घ्यावी असे मी ठरविले. ती आहे सतेज ऊर्फ बंटी पाटील यांची. हे अभिनंदनाचे भाषण नव्हे, आणि टीकेचेही नव्हे.

वारसा मिळाला म्हणजे नेमके काय मिळाले, हा पहिला प्रश्न. डॉ. डी. वाय. पाटील हे मूळचे हातकणंगले तालुक्यातील अंबपचे. १९६७ आणि १९७२ मध्ये ते पन्हाळा मतदारसंघातून काँग्रेसचे आमदार झाले. पुढे निवडणुकीचे राजकारण मागे ठेवून त्यांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००९ नंतर त्यांनी त्रिपुरा व बिहारचे राज्यपालपद भूषविले. म्हणजे मुलाला नाव मिळाले, संस्था मिळाल्या, माणसांचे जाळे मिळाले. परंतु तयार मतदारसंघ मिळाला नाही. पन्हाळा वडिलांचा होता, तोही तीस वर्षांपूर्वीचा. मुलाला करवीर नव्याने जिंकावा लागला. हा फरक लहान वाटतो, पण घराण्यांचा विचार करताना तो फार उपयोगी पडतो. काही वारसांना गादी मिळते, काहींना केवळ भांडवल मिळते.

२००४ मध्ये सतेज पाटील करवीरमधून अपक्ष उभे राहिले आणि त्या वेळचे वजनदार नेते दिग्विजय खानविलकर यांचा त्यांनी पराभव केला. त्या विजयामागे महादेवराव महाडिक यांची मदत होती, हे कोल्हापुरात सर्वज्ञात आहे. पाचच वर्षांत चित्र पालटले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर निर्माण झालेल्या कोल्हापूर दक्षिणमध्ये २००९ साली त्यांच्यासमोर महाडिकांचे पुतणे धनंजय महाडिक उभे होते. पाटील काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले आणि २०१० मध्ये गृह राज्यमंत्री झाले. पण तेव्हापासून जिल्ह्याच्या राजकारणाला जे वळण लागले, ते अद्याप सरळ झालेले नाही. पक्ष कोणता, धोरण कोणते, हे प्रश्न मागे पडले आणि ‘तुम्ही पाटलांचे की महाडिकांचे?’ हा एकच प्रश्न गल्लोगल्ली उरला.

२०१४ ची विधानसभा आली. मंत्रिपद भूषविलेल्या पाटलांचा महादेवरावांचे चिरंजीव अमल महाडिक यांनी पराभव केला. ज्यांची विधानसभेची पहिलीच निवडणूक, त्यांनी माजी राज्यमंत्र्याला पाडले! घराण्याच्या नावावर निवडणूक जिंकता येते असे आपण म्हणतो. येथे दोन्ही बाजूंना घराणेच होते, आणि मतदाराने त्यांतले एक निवडले. पराभवानंतर अनेक वारसदार संस्थांच्या कारभारात गुंतून शांत होतात. पाटील तसे झाले नाहीत. २०१५ च्या अखेरीस स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून त्यांनी विधान परिषदेवर थेट महादेवराव महाडिकांनाच हरविले. चारशेच्या आत मतदार असलेली ती निवडणूक. तिथे सभा चालत नाहीत, माणूस न् माणूस ओळखावा लागतो.

२०१९ च्या लोकसभेत तर अजब घडले. काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी असताना, राष्ट्रवादीचे उमेदवार धनंजय महाडिक यांच्या विरोधात पाटलांनी शिवसेनेच्या संजय मंडलिक यांना बळ दिले. ‘आमचं ठरलंय’ ही दोन शब्दांची घोषणा भिंतींवर झळकली आणि मंडलिक निवडून आले. आघाडीधर्माच्या दृष्टीने याचे समर्थन करणे अवघड आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो. त्याच वर्षी कोल्हापूर दक्षिणमध्ये त्यांचे पुतणे ऋतुराज पाटील यांनी अमल महाडिकांचा पराभव केला. एका बाजूचा पुतण्या लोकसभेत हरला, दुसऱ्या बाजूचा विधानसभेत जिंकला. जिल्ह्यात काँग्रेसचे चार आमदार झाले आणि सतेज पाटील पुन्हा राज्यमंत्री, पुढे जिल्ह्याचे पालकमंत्री झाले.

मात्र या कारकिर्दीतील मला अधिक महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी मंत्रालयात घडलेल्या नाहीत. एक दुधाची आहे, दुसरी पाण्याची.

‘गोकुळ’ म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या लाखो घरांची रोजची मीठभाकर. हा संघ बहुराज्य करण्याचा प्रस्ताव जेव्हा सत्ताधाऱ्यांनी पुढे आणला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत पाटील अग्रभागी होते. संघावर मतदान करतात ते गावोगावच्या दूध संस्थांचे ठरावधारक. एकेका ठरावासाठी काय काय घडते, ते येथे सांगण्याची गरज नाही! मे २०२१ मध्ये हसन मुश्रीफ आणि सतेज पाटील यांच्या आघाडीने २१ पैकी १७ जागा जिंकून महाडिकांची दीर्घकाळची सत्ता संपविली. पुढे दोन वर्षांनी कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्यात, म्हणजे पाटलांच्या स्वतःच्या गावातच, सभासदांनी सत्ता महाडिकांकडेच ठेवली. दूध उत्पादकाने एक कौल दिला, ऊस उत्पादकाने दुसरा. सभासद आपले हित पाहून मत देतो, आडनाव पाहून नव्हे, याचा इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

आता पाणी. काळम्मावाडी धरणातून शहराला थेट नळाने पाणी द्यावे, ही कोल्हापूरची कित्येक दशकांची मागणी. पंचगंगेचे पाणी दूषित होत गेले तसा तिचा जोर वाढला. मोर्चे निघाले, पिढ्या घोषणा देऊन थकल्या. पाटलांनी या योजनेचा पाठपुरावा आपल्या प्रतिष्ठेचा विषय केला. ५० किलोमीटरांहून लांब जलवाहिनीचे काम २०१४ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, धरणाचे पाणी पुईखडीला पोहोचले. मध्ये सत्ता बदलली, मुदती टळल्या, थट्टाही भरपूर झाली. त्यानंतरही पंप बंद पडल्याने शहराला पाण्यासाठी ताटकळावे लागले आहे. तरी जे झाले ते झाले. हे पाणी महाडिकांच्या समर्थकाच्या घरातही त्याच नळाने येते.

आणि तरीही २०२४ उजाडले. लोकसभेला श्रीमंत शाहू छत्रपती काँग्रेसतर्फे विजयी झाले. पराभूत झाले तेच संजय मंडलिक, ज्यांना पाच वर्षांपूर्वी पाटलांनी हात दिला होता. यशाच्या त्या लाटेनंतर सहा महिन्यांतच विधानसभेला जिल्ह्यातील दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये अर्ज माघारीच्या अखेरच्या दिवशी काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारानेच माघार घेतली आणि शहरात पक्षाचे चिन्हच उरले नाही. दक्षिणेत ऋतुराज पाटलांना अमल महाडिकांनी हरविले. पाणी आणून वर्ष झाले होते.

यावर अनेकांनी मतदारांच्या कृतघ्नतेविषयी लिहिले. मला ते पटत नाही. मतदाराने पाण्याचे ऋण एका घराण्याला फेडावे, ही अपेक्षाच मुळात गैर आहे.

मला सलते ते वेगळेच. या वीस वर्षांत पाटील आणि महाडिक यांच्या आडोशाबाहेर वाढलेला तरुण कार्यकर्ता आपण किती पाहिला? आपल्या भागाची परंपरा तशी नाही. कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे कोणत्या राजकीय घराण्यातून आले होते? प्राध्यापकी करून ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या मागे तत्त्व होते, घराणे नव्हते. शेजारच्या तासगावात अंजनीचे आर. आर. पाटील जिल्हा परिषदेपासून सुरुवात करून राज्याचे उपमुख्यमंत्री झाले.

जिल्हा परिषद, महापालिका, पंचायत समिती ही सामान्य घरातल्या मुलाची शिडी. आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. जिल्हा परिषदेचीही मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक लांबत गेली. ज्याच्या मागे कारखाना आहे, महाविद्यालय आहे, दूध संघ आहे, तो पाच वर्षे पदाविना तग धरतो. ज्याच्याकडे केवळ प्रभागातली ओळख आहे, त्याचे काय? तो शेवटी कुणाच्या तरी बंगल्यावर जाऊन बसतो. घराणी बलवान होतात ती केवळ त्यांच्या कर्तृत्वाने नव्हे. खालच्या पायऱ्या काढून घेतल्या की वर आधीपासून असलेलेच वर राहतात. याला पाटीलही अपवाद नाहीत आणि महाडिकही नाहीत.

आर. आर. आबांचे २०१५ मध्ये निधन झाले. नंतर त्यांच्या पत्नी सुमनताई आमदार झाल्या आणि २०२४ मध्ये पंचविशीतील चिरंजीव रोहित. घराण्याविना वर आलेल्या माणसाच्या मागेही नऊ वर्षांत घराणे उभे राहिले. तासगावच्या मतदाराला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. आबांवरील त्याचे प्रेम खरेच होते.