औषध मोरीत ओतण्यापूर्वी



मुदत संपलेले औषध मोरीत ओतले की ते संपले, असे आपण मानतो. ते पाण्याबरोबर पुढे जाते. आपल्या हैदराबादजवळील पाटनचेरू येथे औषध-कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातही सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरातील प्रमाण अल्प असले, तरी सांडपाणी-शुद्धीकरणातून औषधे पूर्णतः निघत नाहीत. अशा पाण्यात जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उद्या नातवंडाच्या तापावर तेच औषध निष्प्रभ ठरू शकते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदतबाह्य औषधे घरगुती घातक कचऱ्यात गणली होती. ती वेगळी ठेवून संकलन केंद्रातच द्यावीत. मुळात गरजेपुरतीच आणावीत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एवढा संकल्प आपण करूया.