फोनला प्रत्यय शिकवायला हवेत

फोन आपला शब्द परस्पर बदलतो, तेव्हा तो आतून काय करत असतो ते आधी सांगतो, कारण उपाय तिथेच आहे.

फ्रेडरिक डॅमेरो यांनी 1964 साली दाखवलं की लिहिण्यातल्या सुमारे 80 टक्के चुका चारच प्रकारच्या असतात. एक अक्षर गळतं, एक जास्त पडतं, एकाच्या जागी दुसरं येतं किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होते. यंत्र अनोळखी शब्दावर या चार क्रिया उलट करून पाहतं आणि हाती लागलेल्या शब्दांपैकी जास्त वापरातला शब्द पुढे करतं. हे सगळं इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून घडलं. तिथे शब्दांची भरघोस यादी असली की बरंचसं काम भागतं.

मराठीत यादी पुरत नाही. 'घर' या एका शब्दाचे घराला, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा असे किती अवतार होतात! शिवाय प्रत्यय लागताना मूळ शब्दही बदलतो. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, पण 'शरीर'चं 'शरीराला'च राहतं. कारण 'शरीर' तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, 'गरीब' तसा नाही. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण कोणता शब्द तत्सम, ही खूण शब्दाशेजारी कुणी नोंदवली तरच ते यंत्राला कळणार.

हंगेरियन भाषेपुढेही अशीच प्रत्ययांची अडचण होती. तिथल्या लास्लो नेमेथ यांनी 'हनस्पेल' घडवला. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये तोच शब्द तपासतो. त्यात मूळ शब्द एका फाइलीत आणि प्रत्ययांचे नियम दुसरीत असतात. वाट योग्य आहे, पण हनस्पेल शब्दामागचे प्रत्यय दोन थरांपर्यंतच सोलतो. 'घरातल्यांनासुद्धा'मध्ये त, ला, ना, सुद्धा असे चार थर आहेत. त्यामुळे मराठीला सगळे थर ओळखणारी स्वतःची यंत्रणा लागेल.

दुसरी सुधारणा चुकांच्या वजनाची. 'फूल'चं 'फुल' होणं आणि 'फूल'चं 'फाल' होणं, दोन्हींत एकच खूण बदलली आहे. पण पहिली चूक आपण सर्रास करतो, दुसरी क्वचित. ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, श-ष, राहिलेला अनुस्वार या आपल्या नेहमीच्या चुका आहेत, त्यांना वेगळं वजन द्यायला हवं. इंग्रजीचं माप इथे लावणं मला साफ अमान्य आहे.

तिसरी सुधारणा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. 'ॲप'मधल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, 2008 साली स्वतंत्र जागा मिळाली. तरीही तो 'अ'वर चंद्र ठेवून लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द. तुलना करण्याआधी ते एकरूप करणं सोपं आहे, आणि ते झालंच पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचं. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही शुद्ध आहेत. कोणता हवा, ते शेजारच्या शब्दांवरून ठरतं. तिथे खात्री नसेल तर यंत्रानं शब्द सुचवावा, बदलू नये. आडनावांना आणि गावांच्या नावांना तर हातच लावू नये. लिहिणाऱ्यानं दुरुस्ती एकदा पुसली की तीच दुरुस्ती पुन्हा लादू नये. ही आठवण फोनमध्येच राहू शकते, आपला खासगी मजकूर त्यासाठी बाहेर जायची गरज नाही. बोली लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनं मला हे फार मोलाचं वाटतं. वऱ्हाडीत किंवा मालवणीत लिहिणाऱ्याला यंत्रानं अशुद्ध ठरवणं हा अन्याय आहे.

हे काम एकट्या संगणकवाल्यांच्यानं होणार नाही. या सभागृहात भाषेचे शिक्षक आहेत, मुद्रितशोधक आहेत. तत्सम कोणता, सामान्यरूप कसं होतं, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. मराठीच्या मुक्त शब्दसूची आज उपलब्ध आहेत. एखादी उघडा, आपल्या गावाचं नाव, पिकांची नावं, आडनावं तीत घाला, आणि प्रत्येक शब्दापुढे त्याची व्याकरणाची खूण लिहा.